शीर, बल आणि कुळ : शास्त्रांची मराठी आणि भाषेचा तास

काही वर्षांपूर्वी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला मराठीच्या चाचणीत मी नेहमीप्रमाणे समानार्थी शब्दांचा प्रश्न घातला होता. 'शक्ती' या शब्दाला समानार्थी शब्द लिहा. अपेक्षित उत्तर बल, सामर्थ्य किंवा जोर. एका चांगल्या विद्यार्थ्याने ती जागा कोरी सोडली होती. उत्तरपत्रिका परत देताना मी त्याला कारण विचारले. तो म्हणाला, "मॅडम, दहावीपर्यंत मी विज्ञान मराठीतून शिकलो. तिथे बल म्हणजे शक्ती असे लिहिले की गुण जायचे. तुमच्या तासाला तसे लिहिले नाही की गुण जातात. मग लिहू काय?" वर्ग हसला, मीही हसले, पण त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते.

माझी पदवी साहित्यातली. हैदराबादच्या महाविद्यालयात मराठी शिकवत असताना कविता, कादंबरी, भाषेचा इतिहास ही आपली हद्द आणि भौतिकशास्त्र, वैद्यक, कायदा ही दुसऱ्यांची, असे मी धरून चालले होते. त्या मुलाच्या प्रश्नामुळे ही हद्द मला पुन्हा तपासावी लागली. शास्त्रे मराठीतून शिकवावीत की इंग्रजीतून, हा वाद आपल्याकडे दीडशे वर्षे चालू आहे. तो वाद मला येथे पुन्हा मांडायचा नाही. शास्त्राचा शब्द भाषेत रुजतो कसा आणि त्यात भाषेच्या शिक्षकाचा वाटा कोणता, एवढेच पाहायचे आहे.

बल आणि शक्ती

बोलण्याच्या मराठीत बल, शक्ती, जोर, ताकद, ऊर्जा हे शब्द एकमेकांच्या जागी सहज बसतात. शालेय विज्ञानात मात्र प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. बल न्यूटनमध्ये मोजतात, ऊर्जा आणि कार्य ज्यूलमध्ये, शक्ती वॅटमध्ये. घामाघूम होईपर्यंत भिंत ढकलली तरी ती हलली नाही, तर बल लावलेले असते, पण भिंतीवर घडलेले कार्य शून्य असते. दोन हमाल सारख्याच वजनाचे पोते एकाच मजल्यावर नेतात. एक एका मिनिटात, दुसरा दोन मिनिटांत. पोत्यावर झालेले कार्य दोघांचे सारखेच, पण पहिल्याची शक्ती दुप्पट. कारण शक्ती म्हणजे कार्य होण्याचा दर.

'वजन' या शब्दाचेही तेच. "माझे वजन साठ किलो" हे वाक्य बाजारात बरोबर आहे, प्रयोगशाळेत चूक. साठ किलोग्रॅम हे वस्तुमान. वजन हे बल असल्यामुळे ते पृथ्वीवर सुमारे ५८८ न्यूटन भरेल आणि चंद्रावर त्याच्या साधारण एक षष्ठांश. 'चाल' आणि 'वेग' यांतला फरक दिशेचा आहे, हे नववीच्या मुलाला पाठ असते. त्याच्या मराठीच्या शिक्षिकेला ते ठाऊक असेलच असे नाही. मला नव्हते.

येथे चूक कोणाचीच नाही. रोजची भाषा शब्दांना सैल ठेवते, म्हणून ती चालते. शास्त्र त्यातलाच एखादा शब्द उचलून त्याचा एकच अर्थ पक्का करते. अडचण येते ती एकाच मुलाला एकाच दिवशी दोन्ही वर्गांत बसावे लागते म्हणून, आणि हे दोन वेगळे व्यवहार आहेत असे त्याला कोणीच सांगत नाही म्हणून.

मामांची शीर

शब्दाच्या सैलपणाची किंमत मला कळली ती वर्गाबाहेर. नांदेड, लातूर, देगलूरकडची माणसे उपचारासाठी हैदराबादला येतात, तशी माझ्या नात्यातले एक मामा आले होते. मान दुखत होती, उजव्या हाताला मुंग्या येत होत्या. दुभाषी म्हणून मी सोबत. मामा म्हणाले, "मानेतली शीर दबली बघा." मी तरुण डॉक्टरांना हिंदीत सांगितले, "नस दब गई है, ऐसा कहते हैं।" त्यांनी दोन-तीन प्रश्न विचारले, मी तसेच घाईघाईने भाषांतर केले, आणि त्यांनी रक्तवाहिन्यांची तपासणी लिहून दिली. पैसे गेले, दिवस गेला. दुसऱ्या दिवशी वरिष्ठ डॉक्टरांनी मामांना स्वतः हात उचलायला, बोटे आवळायला लावली आणि पाच मिनिटांत सांगितले की रक्तवाहिनीचा काही संबंध नाही, हा मज्जातंतूवरचा दाब आहे.

मराठीत 'शीर' म्हणजे काय काय होते पाहा. सुरीने शीर कापली की रक्त वाहते, ती रक्तवाहिनी. मानेत शीर दबली की मुंग्या येतात, तो मज्जातंतू. झोपेत पायाची शीर आखडते. तो बहुधा स्नायू. हिंदीतला 'नस' तितकाच सैल. शास्त्रीय मराठीत यांसाठी वेगवेगळे शब्द आहेत: हृदयाकडून रक्त नेणारी रोहिणी किंवा धमनी, हृदयाकडे आणणारी नीला, संवेदना वाहणारा मज्जातंतू किंवा चेता. हे सगळे शब्द मला माहीत होते. पण नेमके त्या वेळी मामांना "शीर म्हणजे रक्ताची की मुंग्यांची?" एवढा साधा प्रश्न विचारायचे मला सुचले नाही. तो दोष डॉक्टरांच्या मराठीचा नव्हता, माझ्या मराठीचा होता.

'पित्त' हा शब्द तर याहून अवघड. "पित्त झाले" म्हणजे आम्लपित्त, "अंगावर पित्त उठले" म्हणजे गांधी, "पित्त खवळले" म्हणजे राग. वैद्यांच्या लेखी पित्त हा त्रिदोषांतला एक दोष, आणि शल्यचिकित्सक ज्या पित्ताशयातील खडे काढतो तिथले पित्त हा यकृतात तयार होणारा पाचक रस. "तुमच्या पित्ताच्या पिशवीत खडे आहेत" असे ऐकल्यावर पुष्कळ रुग्ण जेवणातून तिखट-आंबट कमी करतात आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलतात. त्यांना वाटते, इतकी वर्षे आहे तेच पित्त.

मराठीतून वैद्यक शिकवण्याचा प्रयत्न झालाच नाही, असे नाही. मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले, आणि १८६० च्या दशकात तेथे मराठीतून शिकवण्याचा वर्गही होता. डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासारख्यांनी मराठीतून वैद्यकावर पुस्तके लिहिली. हेच सखाराम अर्जुन १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्यांपैकी एक होते. गोव्यात १८४२ पासून वैद्यकीय शाळा होती, पण तिचे शिक्षण पोर्तुगीजमधून. तेथील डॉक्टर घरी रुग्णाशी एका भाषेत बोलत आणि टिपणे दुसऱ्या भाषेत लिहीत. १९०९ साली बडोद्याला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे लष्करी वैद्यकीय सेवेतील डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्रज्ञ होते. साहित्याच्या व्यासपीठावर शास्त्रज्ञाला बसवणे त्या पिढीला वावगे वाटत नव्हते. आज आपण संमेलनात शास्त्रावरचा एक परिसंवाद ठेवतो, तोही जेवणानंतरच्या वेळेत.

कायद्याचे शब्द

कायद्याच्या मराठीची गोष्ट याहून वेगळी आहे. तेथे शब्द नव्याने घडवावे लागले नाहीत. दरबारातून आणि कचेरीतून ते आधीच आले होते. अर्ज, दावा, फिर्याद, वकील, जामीन, ताबा, हक्क हे सारे अरबी-फारसीतून आलेले आणि मराठीत पूर्ण मुरलेले. शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश रचला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. अमात्य, सेनापती अशी पदनामे राहिली; पण कचेरीच्या पायरीवर सामान्य माणसाच्या तोंडी अर्ज आणि दावाच राहिला, कारण त्याचे रोजचे काम त्या शब्दांनीच चालत होते.

१९३१ साली बडोदे संस्थानाने श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू प्रसिद्ध केला. राज्यकारभारातल्या आणि कायद्यातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली यांतले प्रतिशब्द शेजारी शेजारी मांडलेला हा मोठा ग्रंथ. एका भाषेत शब्द अडला तर शेजारच्या भाषेने तो कसा सोडवला हे एका नजरेत दिसावे, ही त्यामागची दृष्टी आजही उपयोगी आहे. बडोद्याचा कारभार गुजरातीतून चाले आणि राजघराणे मराठी बोलणारे. अशा बहुभाषी ठिकाणीच असा ग्रंथ व्हावा हे स्वाभाविक होते.

कायद्यातही रोजचा शब्द आणि ठरलेला शब्द यांची गाठ पडते. 'खून' हा शब्द आपण सरसकट वापरतो. भारतीय न्याय संहितेत मात्र कलम १०० सदोष मनुष्यवधाचे आणि कलम १०१ खुनाचे आहे. जुन्या दंड संहितेत ती २९९ आणि ३०० होती. प्रत्येक खून हा सदोष मनुष्यवध असतो, पण प्रत्येक सदोष मनुष्यवध हा खून नसतो. हा फरक शिक्षेचा आहे, म्हणजे एखाद्याच्या आयुष्याच्या वर्षांचा आहे. (हिंदी-उर्दूत 'खून' म्हणजे रक्त, हा गोंधळ आमच्या हैदराबादच्या मुलांना वेगळाच.) तसेच 'कुळ'. साहित्याच्या तासाला कुळ म्हणजे वंश, घराणे. मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या दृष्टीने कुळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याने अशा माणसांना हक्क दिले. ताबा एकाकडे, मालकी दुसऱ्याकडे आणि कसणारा तिसराच, हे तिन्ही शब्द नीट वेगळे न कळल्याने कित्येक घरांत भाऊबंदकी पिढ्यान्‌पिढ्या चालली.

उस्मानियाचा धडा

शब्द घडवून, पुस्तके लिहून आणि विद्यापीठच उभारून शास्त्रे देशी भाषेत शिकवण्याचा सर्वांत मोठा प्रयोग आमच्याच शहरात झाला, पण तो मराठीत नव्हे, उर्दूत. १९१७ साली निजाम मीर उस्मान अली खान यांनी मान्यता दिली, अकबर हैदरी यांनी तो पुढे रेटला आणि १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. त्याआधीच दारुल तर्जुमा, म्हणजे भाषांतर विभाग सुरू केला होता. मौलवी अब्दुल हक त्याचे पहिले प्रमुख. पुढे भौतिकशास्त्र, रसायन, गणित, कायदा, वैद्यक अशा विषयांची शेकडो पुस्तके उर्दूत आली. इंग्रजी हा विषय मात्र सर्वांना सक्तीचा ठेवला होता.

शब्द ठरवायला समित्या होत्या. त्यांत विषयाचे जाणकार असत आणि भाषेचेही. वहीदुद्दीन सलीम पानीपती हे उर्दूचे अध्यापक. संज्ञा कशा घडवाव्यात यावर त्यांनी १९२१ साली 'वज़्-ए-इस्तिलाहात' हे पुस्तकच लिहिले. अरबीच्या नियमांनाच चिकटून न राहता उर्दूच्या स्वभावाने, प्रसंगी फारसी धातूला हिंदी प्रत्यय लावूनही, शब्द करावा असे त्यांचे म्हणणे होते. साहित्याच्या माणसाने शास्त्राच्या कामात कसे उतरावे, याचे हे मला फार आवडणारे उदाहरण आहे.

मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे मराठी घरांतल्या मुलांनी त्रिकोणाला मुसल्लस, कोनाला ज़ाविया, पदार्थविज्ञानाला तबीइयात म्हणत शास्त्रे शिकली. आमच्या शेजारचे एक वृद्ध काका जालन्याकडून येथे शिकायला आले होते. वयाच्या नव्वदीतही एखादे गणित सोडवताना ते पुटपुटत ते उर्दूतच. ते म्हणायचे, "मला भूमिती तीनदा शिकावी लागली. आजोबांकडून मराठीत, कॉलेजात उर्दूत, नोकरीला लागल्यावर इंग्रजीत. त्रिकोण तोच होता." त्यांना उर्दू माध्यमाचा राग नव्हता, संज्ञा नीट शिकवल्या होत्या म्हणून त्या अजून आठवतात, असे ते सांगत.

मात्र सप्टेंबर १९४८ नंतर थोड्याच काळात उर्दू माध्यम संपले, आणि तीस वर्षांच्या कष्टाने रुजवलेले शब्द वर्गातून नाहीसे झाले. त्याची कारणे राजकीय होती, हे खरे. १९३८ च्या वंदे मातरम् चळवळीत उस्मानियातून काढलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला, हा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. पण भाषेच्या अंगाने पाहिले तर आणखी एक कारण दिसते. राज्यातल्या बहुसंख्य लोकांची घरची भाषा तेलुगू, मराठी किंवा कन्नड होती. उस्मानियाचे शब्द वर्गात पक्के होते, पण या घरांत त्यांना जागा नव्हती. वर्ग बदलला तेव्हा त्यांना धरून ठेवणारे दुसरे ठिकाण उरले नाही.

यावरून मला असे वाटते की शास्त्राच्या शब्दाला दोन आधार लागतात. वर्गात तो नेमक्या अर्थाने शिकवला गेला पाहिजे आणि घरात, दवाखान्यात, कचेरीत तो कोणीतरी वापरला पाहिजे. पहिला आधार नसेल तर शब्द 'पित्ता'सारखा सैल राहतो, दुसरा नसेल तर 'मुसल्लस'सारखा वर्गाबरोबर जातो. नुसता कोश यांपैकी एकही आधार देत नाही.

आजची स्थिती

महाराष्ट्रात १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले, त्याने विषयवार परिभाषा कोश काढले. मराठी विश्वकोशाने शास्त्रीय मराठी प्रत्यक्ष लिहून दाखवली. १९६१ मध्ये केंद्राचा वैज्ञानिक आणि तांत्रिक शब्दावली आयोग आला. शब्दांची टंचाई अशी आता फारशी नाही. उणीव आहे ती या शब्दांतून शिकणाऱ्या वर्गाची. उच्च न्यायालयांची आणि सर्वोच्च न्यायालयाची भाषा अनुच्छेद ३४८ प्रमाणे इंग्रजी आहे. अलीकडे सर्वोच्च न्यायालयाचे निवडक निकाल मराठीतही उपलब्ध होऊ लागले आहेत, पण विधीचे विद्यार्थी ते उघडून पाहतातच असे नाही.

मध्य प्रदेशाने ऑक्टोबर २०२२ मध्ये एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तके प्रसिद्ध केली. त्यांत वाक्ये हिंदी आणि बऱ्याच संज्ञा इंग्रजीच, फक्त देवनागरीत ठेवल्या आहेत. काहींनी याची थट्टा केली. मला ती वाट टाकाऊ वाटत नाही. संज्ञा कोणत्याही भाषेतली असो. "असे का होते" हे सांगणारे वाक्य आपल्या भाषेत असले तर विचार आपल्या भाषेत होतो. दावा आणि वकील हे शब्द आपण असेच पचवले.

आणि शब्द रुजायला पिढ्या लागतातच असेही नाही. २०२० च्या साथीत विलगीकरण, टाळेबंदी, संसर्ग हे शब्द काही महिन्यांत घरोघरी पोहोचले. आजारी माणसाला वेगळे ठेवणे म्हणजे विलगीकरण आणि संशयिताला वेगळे ठेवणे म्हणजे अलगीकरण, हा बारीक फरकही अनेकांना कळला होता, कारण त्यावर घरातल्या माणसाची खोली ठरत होती.

आपल्या तासाला काय करता येईल

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाला मराठीतून वैद्यकीय महाविद्यालय मिळणार नाही. आपल्या हातात भाषेचा तास आहे. गेली काही वर्षे मी त्यात तीन छोट्या गोष्टी करते.

पहिली गोष्ट, समानार्थी शब्दांच्या प्रश्नात मी बदल केला. 'शक्ती'ला समानार्थी शब्द विचारायचा तर "बोलण्याच्या भाषेत" असे लिहिते, आणि जोडीला एक प्रश्न घालते: "बल आणि शक्ती यांतला फरक दोन वाक्यांत सांगा." विज्ञानाची मुले तो सोडवतात, वाणिज्याची त्यांना विचारतात. तास संपतो तेव्हा मराठीत शास्त्राची चार वाक्ये बोलली गेलेली असतात.

दुसरी गोष्ट, दुभाष्याचा सराव. दोन विद्यार्थी रुग्ण आणि डॉक्टर होतात, तिसरा मधला. रुग्णाने ठरवून सैल शब्द वापरायचे: शीर, पित्त, घेरी, धाप. मधल्याने भाषांतराआधी एक तरी प्रश्न विचारलाच पाहिजे. मामांच्या वेळी मला न सुचलेला प्रश्न आता माझ्या मुलांना सुचतो. हाच सराव जमिनीच्या कागदावर करता येतो: मालक कोण, ताबा कोणाचा, कसतो कोण.

तिसरी गोष्ट, घरचे शब्द गोळा करणे. आजोबा-आजी आजाराला, जमिनीला, मोजमापाला काय म्हणतात ते लिहून आणायचे आणि समोर शास्त्रातला शब्द शोधायचा. या वहीत उर्दू येते, तेलुगू येते, गोव्याच्या मुलीच्या वहीत पोर्तुगीज येईल, बडोद्याच्या मुलाच्या वहीत गुजराती. सयाजीरावांच्या कल्पतरूचे हे अगदी लहान रूप आहे.

यासाठी भाषेच्या शिक्षकाला शास्त्र यावेच लागते असे नाही. शेजारच्या विभागातल्या सहकाऱ्याला जाऊन विचारता आले पाहिजे. वस्तुमान आणि वजन मला आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांनी स्टाफरूममध्ये चहाच्या कपावर समजावले. त्यांना मी 'कुळ' समजावले. ते नलगोंड्याचे, घरी तेलुगू बोलणारे. त्यांच्या वडिलांची जमीनही अशीच कुळाची होती.

ज्या मुलाने जागा कोरी सोडली होती, त्याला मी त्या चाचणीचे गुण नंतर दिले. त्याने विचारले, "मॅडम, उत्तर तर लिहिलेच नाही, गुण कशाचे?" मी म्हटले, "प्रश्न चुकीचा होता, म्हणून."